वजनमापवाल्यांच्या घरचा ग्रॅनोला

पनवेलच्या बाजारपेठेतून सॅमसनराव चालू लागले, की दुकानादुकानांतल्या तागड्या आपोआप सरळ व्हायच्या. ते वजनमाप खात्यात इन्स्पेक्टर होते. हेप्झिबाला लग्नानंतरची पहिली दोन वर्षं याचा फार अभिमान वाटला आणि पुढची सतरा वर्षं फार त्रास झाला. नवऱ्याचं काम असं असलं की घरात भेंडी येते ती नेमकी पाव शेर. भाजीवाली वर दोन भेंड्या टाकत नाही. टाकल्याच, तर नवरा त्या रुमालात गुंडाळून परत नेऊन देतो आणि भाजीवालीला ताकीद देऊन येतो. त्यात ते साल एकसष्टचं. शेर, अदपाव, छटाक जाऊन किलो आणि ग्रॅम आले होते, आणि अख्ख्या तालुक्याचं वजन आपल्या एकट्याच्या खांद्यावर असल्यासारखे सॅमसनराव चालत असत.

इस्राएल आळीतल्या अशा काटेकोर ज्यू घरात जानेवारीतल्या एका रविवारी ग्रॅनोला आला.

आणला बेलाने. बेला म्हणजे सॅमसनरावांची धाकटी बहीण, मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात सिस्टर. तिने आल्याआल्या चप्पल काढायच्या आधी आबांची नाडी पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि मग म्हणाली, "कसे आहात आबा?"

"तूच पाहिलंस ना आत्ता? सांग कसा आहे," आबा म्हणाले.

आबांचं नाव एलिजा. वय शहात्तर. सर्व्हे खात्यात जन्मभर नकाशे काढलेला माणूस. आठ महिन्यांपूर्वी हेप्झिबाची सासू गेली, आणि तेव्हापासून आबांचं खाणं सुटलं. सकाळी चहात अर्धं बिस्किट बुडवायचं, ते चहात पडलं की पडू द्यायचं. दुपारी चार घास. रात्री "पोटाला नको म्हणतंय." हेप्झिबाने आंबोळ्या केल्या, नारळाचं दूध घालून सांजा केला, कोंबडीचा रस्सा केला. आबा प्रत्येक पदार्थाकडे परक्या गावचा नकाशा पाहावा तसे पाहत आणि बशी हळूच पुढे सरकवत.

बेलाने पिशवीतून एक टिनाचा डबा काढून टेबलावर ठेवला. त्यावर एक गोरा, गुटगुटीत म्हातारा हातात चमचा घेऊन हसत होता. "आमच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई विलायतेला परत गेल्या, त्यांनी दिला. ग्रॅनोला. नैसर्गिक न्याहारी आहे. दुधात घालून द्यायचं. तिकडे म्हातारी माणसं यावरच जगतात."

मग ती चहाच्या कपाकडे बघत म्हणाली, "दादा, माझं ठरलं. होळीनंतरच्या आठवड्यात विमान आहे. इस्राएलला. मी आबांना बरोबर घेऊन जाणार."

सॅमसनरावांनी हातातला कप खाली ठेवला.

"का?" सॅमसनराव म्हणाले.

"का म्हणजे? वर्षापूर्वी एकशे तेवीस पौंड होते. मागच्या महिन्यात इस्पितळात पाहिलं, एकशे पाच."

"किलोत सांग."

"दादा!"

"पौंड आता चालत नाहीत, बेला."

"सत्तेचाळीस आणि थोडं वर," बेला दातओठ खात म्हणाली. "आणि तू असंच ग्रॅम मोजत बसलास ना, तर पुढच्या वर्षी मोजायला आबा राहायचे नाहीत. मला आकडे कळतात. मी आकड्यांवर माणसं जगताना आणि मरताना पाहिली आहेत."

हे हेप्झिबाला लागलं, कारण त्या सत्तेचाळीसमध्ये तिचा स्वयंपाक होता. सॅमसनरावांनाही लागलं, पण ते सरकारी माणूस, लागलं तरी अटी घालूनच लागतं. अर्धा तास भावाबहिणीची खडाजंगी झाली आणि शेवटी करार ठरला: बेला निघायच्या आधी आबा पन्नास किलो भरले तर पनवेलला राहतील. नाही भरले तर बेलाबरोबर जातील. वजन पास केलेल्या काट्यावर, दोघांच्या समक्ष.

"आबा, तुम्हाला मान्य आहे?" बेलाने विचारलं.

"पोत्याला कुणी विचारत नाही," आबा म्हणाले, "मलाही विचारू नका."

पण बेला गेल्यावर ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. हेप्झिबा भांडी लावत होती. "हेपू," ते म्हणाले, "तिकडे सगळं चांगलंच असेल गं. पण तुझी सासू इथे आहे, तळ्यापलीकडे. ती एकटी कधी राहिलेली नाही." आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेले.

त्या दिवसापासून हेप्झिबाने मनात ठरवलं, की हा म्हातारा या घरातून जाता कामा नये. पण ठरवून म्हातारी माणसं खात नसतात.

डब्यातला ग्रॅनोला पाच दिवस टिकला. पहिल्या दिवशी आबांनी चमचाभर खाल्ला आणि म्हणाले, "घोड्याचा खुराक." ते चुकीचं नव्हतं. शेजारचे निवृत्त शिक्षक कमळाकरपंत निसर्गोपचारवाले होते, कच्चा दुधी किसून खात. त्यांनी डब्यावरचं लेबल वाचून सांगितलं, की यातलं मुख्य धान्य जे ओट, ते विलायतेत घोड्यांनाच घालतात, आणि म्हणूनच घोडा कधी बद्धकोष्ठाची तक्रार करत नाही. हे सांगता सांगता त्यांनी चवीला म्हणून दोन वाट्या खाल्ल्या. पण पाचव्या दिवशी एक आश्चर्य घडलं. आबांनी बशी पुढे केली आणि म्हणाले, "आणखी आहे का?"

नव्हता. डबा संपला होता. उरलं होतं ते लेबल.

दुसरा कुणी असता तर हळहळून गप्प बसला असता. सॅमसनरावांनी फुलस्केप कागद घेतला, लेबलावरचे सगळे जिन्नस उतरवून काढले, त्यांना क्रमांक दिले आणि प्रत्येकापुढे 'उपलब्ध' आणि 'पर्यायी' असे दोन रकाने पाडले. हेप्झिबाला आधी हसू आलं. मग ओटापुढे 'उपलब्ध: नाही. पर्यायी: काशिरामच्या भातगिरणीतले पोहे' असं त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलेलं पाहिलं आणि हसू जरा मागे सरलं. आठ महिने या माणसाने वडिलांबद्दल एक शब्द काढला नव्हता. आता तो बदामापुढे 'काजूचे तुकडे' लिहीत होता आणि मधाशी अडून पेन्सिल चावत होता.

"गूळ लिहा," हेप्झिबा म्हणाली.

"लेबलावर मध आहे."

"लेबलावर गोरा म्हातारा पण आहे. तो कुठून आणणार?"

सॅमसनरावांनी गूळ लिहिला.

पहिला घाणा घरी तव्यावर झाला. लेबलावर म्हटलं होतं, सोनेरी होईपर्यंत भाजावं. आता सोनेरी म्हणजे किती, यावर कमळाकरपंत आणि सॅमसनराव यांच्यात मतभेद झाला. पंतांच्या मते सोनेरी म्हणजे बावनकशी. सॅमसनरावांच्या मते जुन्या पितळी वजनासारखं. दोघं एकमेकांना पटवत राहिले आणि तेवढ्यात पोहे दोन्ही सोनं ओलांडून कोळशाच्या पंगतीला जाऊन बसले. पंतांच्या पत्नी मैनावहिनी भिंतीपलीकडून ओरडल्या, "अहो, कुणाचं काय जळतंय?" पंत म्हणाले, "काही नाही, न्याहारी होते आहे!"

दुसरा घाणा बेकरीत. हुसैनमियाँची भट्टी पहाटेचे पाव निघाले की दोन तास गरम असायची. सॅमसनरावांनी तिथे परवानगी मागितली. हुसैनमियाँ म्हणाले, "साहेब, हुकूम करा, परवानगी कसली?" याच वाक्याने सॅमसनराव बिचकले. हुसैनमियाँकडेही तराजू होता, आणि तो तपासायचा होता फेब्रुवारीत. व्यापाऱ्याची भट्टी फुकट वापरणं नियमात बसेना. अखेर असं ठरलं, की त्या दिवशी हुसैनमियाँची चिठ्ठीपत्री सॅमसनरावांनी लिहून द्यायची. ती तीन पत्रं निघाली, तीनही भावाशी असलेल्या भांडणाची, आणि सॅमसनरावांनी ती इतक्या सौम्य सरकारी भाषेत लिहिली, की महिन्याभरात भावाशी समेट झाला. पण ग्रॅनोला मात्र बिघडला. गूळ पातळ झाला, थाळाभर पसरला आणि थंड होताच असा काही बसला, की तो थाळ्यातून निघेना, आणि निघाला तेव्हा फरशीच्या तुकड्यासारखा आवाज करत पडला. हेप्झिबाने वरवंट्याने फोडला. सॅमसनराव जवळ उभे राहून "समान तुकडे, समान तुकडे" म्हणत होते.

आबांनी एक समान तुकडा तोंडात घातला. चावला. मग थांबले. मग त्यांनी खाली मान घातली आणि तुकडा बाहेर काढला. त्याबरोबर त्यांची वरची कवळीही आली, गुळात घट्ट रुतलेली, जणू तिनेच तुकडा खायला घेतला होता.

ती कवळी सोडवताना एक दात गेला. दुरुस्तीला मुंबईला धाडावी लागली. ती परत येईपर्यंत आबा पेजेवर.

याच सुमारास मासे विकणारी जनी दारात आली. जनी खाडीवरची, पाटी घेऊन रोज सकाळी इस्राएल आळीत यायची. कुठला मासा या लोकांना चालतो हे तिला त्यांच्यापेक्षा जास्त पाठ. "वयनी," ती पाटी उतरवत म्हणाली, "आबा बसलंय कसं ते, कावल्यावानी. बोय आनलीय बघा. खवलं हायत तिला, बिनघोर खावा."

"जने, आबांना कवळी नाही गं सध्या."

"नाय? मंग कालवन प्या म्हनावं. आनि ह्या सायबांनला सांगा, म्हातारं मानूस म्हंजी काय भात हाय का, रोज काट्यावर चढवायला?"

काटा हे दुसरं प्रकरण. आबांना दर आठवड्याला मोजायचं तर मोठा काटा हवा. तसा काटा गावात काशिरामच्या भातगिरणीत होता, पोती मोजायचा, गेल्याच महिन्यात सॅमसनरावांनी पास करून शिक्का मारलेला. काशिराम म्हणाला, "साहेब, आना ना आबांना! काटा तुमीच पास केलेला हाय." पण पुन्हा तोच प्रश्न, व्यापाऱ्याचा उपकार. सॅमसनरावांनी वरच्या ऑफिसला रीतसर अर्ज केला: प्रमाणित काट्यावर वडिलांचं वजन करण्यास परवानगी मिळावी. दोन आठवड्यांनी उत्तर आलं: 'वडील' हा माल आहे की वस्तू, याचा खुलासा करावा. सॅमसनरावांनी खुलासा केला. आणखी तीन आठवड्यांनी उत्तर आलं, की मनुष्यप्राण्याचं वजन करण्यास हरकत नाही, मात्र व्यापाऱ्याने त्यास माल समजू नये.

म्हणजे पाच आठवडे आबांचं वजन किती हे कुणालाच कळलं नाही. होळी तीन आठवड्यांवर आली होती, तेव्हा आता काय ते बेलासमोरच मोजायचं, असं सॅमसनरावांनी ठरवलं.

तिसरा घाणा त्यामुळे फार विचार करून केला गेला. आता भाजणं नको, भट्टी नको. हेप्झिबाने सूत्रं हातात घेतली. पातळ पोहे धुऊन फुलवले. ओला नारळ खवला. गूळ किसून घातला, खजूर बारीक चिरला, काजूचे तुकडे, वेलदोडा. डब्यावरच्या चित्रात बशीभोवती फळं काढली होती, म्हणून सॅमसनरावांनी आग्रह धरला, की फळंही पाहिजेत. विचुंब्याचा दूधवाला केळी घेऊन आला होता. चिकू, बोरं, पेरू आणि एक संत्रं बाजारातून आलं. कमळाकरपंत म्हणाले, निसर्गोपचारात हे उत्तम. सगळं मोठ्या परातीत कालवून हेप्झिबाने फळं कडेने मांडली, चित्रात होती तशी, आणि परात ओसरीवर ठेवून ती दूध तापवायला आत गेली.

आबा सकाळची प्रार्थना करून सिनेगॉगमधून परत येत होते. ओसरीच्या पायरीवर त्यांचा पाय थबकला.

"हेपू," त्यांनी हाक मारली. फार दिवसांनी त्यांचा आवाज इतका मोठा निघाला होता. "नवस कुणाचा आहे?"

हेप्झिबा बाहेर आली, परातीकडे पाहिलं, आणि तिने कपाळावर हात मारला. तिच्या हातांनी, तिच्या आईने शिकवलेल्या सवयीने, विलायती ग्रॅनोल्याचा नुसता मलिदा करून ठेवला होता. पोहे, नारळ, गूळ, खजूर, कडेने पाच फळं. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नवसाला आळीत घरोघर होतो तो. एकोणीस वर्षं संसार केलेल्या बाईला आपण काय कालवतो आहोत हे कळू नये! पण नवऱ्याने फुलस्केपवर क्रमांक घालून दिले की बाईचं डोकं असंच चालतं.

"आबा, नवस नाही हो..." तिने सुरुवात केली.

पण आबांनी टोपी सारखी केली होती. मलिदा असा दारात मांडून एकट्याने खायचा नसतो. दहा पुरुष जमवायचे, फळांवर आशीर्वाद म्हणायचे, मग वाटायचं. आबा पायरी उतरले आणि आळीत गेले. गेल्या आठ महिन्यांत त्यांना कुणी असं भराभर चालताना पाहिलं नव्हतं. पाऊण तासात ओसरीवर नऊ माणसं बसली, दहावे सॅमसनराव, अर्धी दाढी केलेले. आशीर्वाद झाले. आबांनी स्वतः प्रत्येकाच्या हातावर वाढलं. शेवटी स्वतः बसले आणि दोन बशा खाल्ल्या. बिनकवळीचे.

हेप्झिबा दाराआडून पाहत होती. दुसऱ्या बशीला तिने पदर तोंडाला लावला.

सगळे गेल्यावर सॅमसनराव वडिलांसमोर येऊन उभे राहिले. हेप्झिबाने डोळ्यांनी खूप खुणावलं, पण या माणसाला खोटं पचत नसे. लहानपणी म्हणे एकदा बोललेले, तेव्हा ताप आला होता. "आबा," ते म्हणाले, "तुमची दिशाभूल होऊ नये म्हणून सांगतो. हा मलिदा नाही. हा ग्रॅनोला आहे."

आबांनी परातीकडे बोट केलं. "सॅमसन, यात पोहे आहेत?"

"आहेत."

"नारळ? खजूर? पाच फळं?"

"आहेत. पण पर्यायी म्हणून."

"मग विलायतेच्या लोकांना पर्यायी म्हणून ग्रॅनोला खाऊ दे," आबा म्हणाले. "उद्याही कर. आणि हे बघ, माणसं बोलावल्याशिवाय मी खायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सॅमसनराव सिनेगॉगच्या हझानसाहेबांचा सल्ला घेऊन आले. प्रार्थना चालवणारे हझानसाहेब विचार करून म्हणाले होते, की नवस नाही म्हणजे मलिदा नाही. मलिदा नाही म्हणजे दहा पुरुषांची अट नाही. मग कुणीही खायला हरकत नाही. हा निर्णय त्यांनी सहज दिला. त्याचे परिणाम हेप्झिबाने भोगले. 'कुणीही' या शब्दात पनवेल बरंच मोठं होतं. कमळाकरपंत आले, मैनावहिनी आल्या. हुसैनमियाँ भट्टी उरकून आले आणि भावालाही घेऊन आले. दूधवाला रतीब घालून बसला. जनी पाटी पायरीखाली ठेवून बसायची आणि पाटीवर मांजरं बसायची.

"कसं लागतंय, जने?" आबा विचारत.

"ग्वाड हाय. पन ह्याच्यासंगं सुकं बोंबील पायजे व्हतं."

"अगं, बोंबील? न्याहारीला? आमच्या ओसरीवर?"

"तुमच्यात चालत नाय, ठावं हाय मला. म्हनूनच नाय आनलं. तुमी फकस्त इचार करून बगा, कसं लागंल."

आबा हसले. खरोखरच हसले, खांदे हलवून.

आता आबांचा दिवस भरला. पहाटे उठून ते काशिरामच्या गिरणीत जाऊन पोहे पातळ आहेत ना ते पाहून येत. तिथून बाजारात, फळांना. तिथून बेकरीवर, आळीत, तळ्याच्या कडेने, उद्याचं बोलावणं करत. तळ्यापलीकडे बायकोच्या कबरीपाशी जाऊन दोन मिनिटं उभे राहत आणि मग परत. कवळी दुरुस्त होऊन आली. कोण आला नाही, का आला नाही, त्याच्या घरी जाऊन चौकशी. हेप्झिबाचे पोहे भिजवून हात पांढरे पडले, मैनावहिनींना नारळ खवायला बसवावं लागलं. पण रोज साडेसातला सासऱ्याचा आवाज ओसरीवर ऐकू आला, की तिला वाटायचं, भिजवीन आणखी. आणि सॅमसनराव रोज सकाळी अर्ध्या दाढीने फळं मांडत होते. कडेने, चित्रातल्यासारखी, समान अंतरावर. या माणसाला प्रेम असंच करता येत होतं, मोजून. पण मापात कधी खोट नव्हती.

होळी झाली. रविवारी बेला आली. तिने पापणी ओढायला हात पुढे केला तर आबा म्हणाले, "नंतर. आधी गिरणीत चल, उशीर केलास तर काशिराम जेवायला जाईल," आणि छत्री घेऊन पुढे निघालेसुद्धा. बेला, सॅमसनराव आणि हेप्झिबा मागून. आबा वाटेत तीन ठिकाणी थांबले, तिघांना उद्याचं बोलावणं केलं, तरी त्यांना गाठताना बेलाला धाप लागली.

"पन्नास कशाला, बावन्न भरतील," हेप्झिबा मनात म्हणत होती.

आबा कुणाचा हात न धरता काट्यावर चढले, पोती ठेवायच्या फळीवर छत्रीला टेकून उभे राहिले. सॅमसनरावांनी छत्री काढून घेतली, कारण तिचं वजन वेगळं. मग एक एक वजन चढवलं, दांडीवरचा लहान तोल सरकवला, वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं. हेप्झिबाला त्यांच्या मानेवरूनच कळलं.

"सेहेचाळीस किलो," सॅमसनराव म्हणाले, "आठशे ग्रॅम."

होतं त्याहून कमी! आणि मग हेप्झिबाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोन बशा खाणारा म्हातारा रोज सहा मैल चालत होता. आळीपासून गिरणी, गिरणीपासून बाजार, बेकरी, तळं. जे खात होता ते पनवेलच्या रस्त्यांवर सांडून येत होता. आता हे कुणाला सांगायचं? करारात चालण्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

बेला आबांकडे पाहत होती. आबा काशिरामला सांगत होते, "कालचे पोहे जाड होते रे. चालायचे नाहीत असे." गालांत रंग होता. बेलाने किती तरी वेळ पाहिलं. मग ती भावाकडे वळली.

"काटा खोटा आहे," ती म्हणाली.

काशिराम उसळला. "ओ बाय! काय बोलताय? ह्याच्यावर साहेबांचा शिक्का हाय! आमी भात मोजतो ह्याच्यावर, पाप नाय मोजत!"

"खोटा आहे. मी सिस्टर आहे, मला कळतं. दादा, तू सांग."

हेप्झिबाने नवऱ्याकडे पाहिलं. एक शब्द, फक्त एक शब्द बोलला असता हा माणूस तर! सॅमसनरावांनी काट्याकडे पाहिलं, आपल्या शिक्क्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"काटा बरोबर आहे, बेला," ते म्हणाले. "मी स्वतः पास केलाय."

शेजारी विहीर असती तर हेप्झिबाने नवऱ्याला तीत ढकललं असतं. भाताचा ढीग होता, म्हणून त्यात ढकलायचं तिच्या मनात आलं. पण बेला त्यांचीच बहीण होती.

"तुला पटत नसेल, मला पटतं," ती म्हणाली. "मी तक्रार करते."

सॅमसनरावांनी मान वर केली. "लेखी करावी लागेल," ते सावकाश म्हणाले.

"कागद दे."

त्यांनी कोटाच्या खिशातून कागद दिला, पेन दिलं. बेलाने पोत्यावर कागद ठेवून दोन ओळी लिहिल्या. सॅमसनरावांनी त्या वाचल्या, तारीख घालायला लावली, सहीखाली पूर्ण नाव लिहून घेतलं. मग कागदाची घडी करून ते काट्यासमोर सरळ उभे राहिले आणि आवाज खाकरून म्हणाले, "काट्याबद्दल लेखी तक्रार आली, तर फेरतपासणी होईपर्यंत तक्रारीतलं वजन ग्राह्य धरता येत नाही. असा नियम आहे."

"म्हंजी माझा काटा बंद?" काशिराम ओरडला. "आनि माझं भात?"

"तक्रार मनुष्यवजनापुरती आहे, काशिराम. भाताबद्दल कुणाची तक्रार नाही. तुझं काम चालू दे."

"आणि फेरतपासणी कधी?" बेलाने विचारलं.

"मला स्वतःला करता येणार नाही, माझाच शिक्का आहे. अर्ज वरच्या ऑफिसला जाईल. मागच्या अर्जाला पाच आठवडे लागले. यात वडील माल आहेत की वस्तू, हा मुद्दा पुन्हा निघेल. जूनच्या आत उत्तर यायचं नाही."

बेलाचं विमान गुरुवारी होतं. तिने नाक पुसलं आणि भावाच्या कोटाच्या बाहीला घट्ट धरून उभी राहिली. सॅमसनराव काट्याकडेच पाहत होते. त्यांना ताप वगैरे काही आल्यासारखं दिसत नव्हतं. हेप्झिबाने हात लावून पाहिला. कपाळ गार होतं.

आबा अजून फळीवरच उभे होते. "अरे, माझं काय ते सांगा," ते म्हणाले. "उतरू, की असाच उभा राहू?"

"उतरा आबा," सॅमसनराव म्हणाले. "तुमचं वजन विचाराधीन आहे."

आबा उतरले. छत्री घेतली, टोपी सारखी केली, आणि दारातून बाहेर पडता पडता मागे वळून म्हणाले, "काशिराम, उद्या साडेसात. रागावला असलास तर बायकोलाही घेऊन ये. आणि पोहे पातळ."